आमच्याकडे फॅमिली लोक राहतात

ती लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकते न टाकते तोच वॉचमनने आत फिनेलची बादली ओतली. तिच्या हातात आठ दिवसांची मुलगी होती, पोटाला टाके होते आणि नवरा मरून दोन महिनेच झाले होते. फिनेलचे शिंतोडे तिच्या सलवारीवर आणि पायांवर उडाले. सेक्रेटरी जिन्यात तोंडाला रुमाल लावून उभा होता. तो वॉचमनला म्हणाला, "बटणं पण पूस. तिसऱ्या मजल्याचं नीट पूस, तिने दाबलंय."

मी माझ्या दारात होते. आमचा ब्लॉक तिच्या अगदी समोर. मी वॉचमनला म्हटलं, "अरे, बाळंतीन उभी हाय समोर, दिसत नाय तुला?"

तो मान खाली घालून म्हणाला, "माँजी, साहब ने बोला है."

ती एका हाताने मूल सांभाळत दुसऱ्या हाताने पर्समध्ये किल्ली शोधत होती. जिन्यात सात-आठ माणसं तमाशा बघत होती, पण मूल धरायला कुणी पुढे आलं नाही. मी धरलं. त्यात मोठेपणा नव्हता. तो वास माझ्या घरात शिरत होता आणि ती लवकर आत जावी, एवढंच मला हवं होतं.

तिला एचआयव्ही होता. हा रोग बटण दाबून लागत नाही. कसा लागतो, हे जिन्यातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. म्हणून जास्त शिसारी आली.

आमची बिल्डिंग आचोळ्यात आहे. मी मूळची गास गावची, शेतीच्या घरातली. शाळा चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर मुलाने मला इथे आणलं. गेटवर पाटी आहे, ब्लॉक फक्त फॅमिलीला भाड्याने मिळेल. या पाटीचा इथल्या लोकांना फार अभिमान. एकट्या मुलाला, एकट्या बाईला ब्लॉक देत नाहीत. लग्न झालेलं असलं की माणूस स्वच्छ, असा हिशेब.

फिनेलच्या आदल्या वर्षी एका रविवारी दोन मुली आल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी. मी खाली बाकावर वाल सोलत बसले होते. कमिटीचे पुरुष ऑफिससमोर खुर्च्या टाकून बसलेले. त्यातली मोठी मुलगी सेक्रेटरीला म्हणाली, "काका, आम्ही आरोग्याची पाहणी करतोय, एचआयव्हीबद्दल. तुमच्या बिल्डिंगमधली काही घरं निवडली गेली आहेत. कुणाचं नाव लिहीत नाही. एकेकाशी वेगळं बसून बोलतो."

"काय विचारता?" सेक्रेटरीने विचारलं.

तिने न लाजता सांगितलं. बायको सोडून आणखी कुणाशी संबंध येतो का, निरोध वापरता का, तपासणी कुठे होते ते माहीत आहे का.

पुरुष खिदळायला लागले. एक म्हणाला, "मॅडम, घरी येईपर्यंत आमचा पार चोथा होतो. बायकोचंच तोंड बघायला ताकद नसते, दुसरीचं कुठे विचारता!"

त्यात समोरच्या ब्लॉकमधला, म्हणजे त्या बाळंतिणीचा नवराही बसला होता. कंपनीच्या कामाने अर्धा महिना बाहेरगावी असायचा. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, बोलायला गोड. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे फॅमिली लोक राहतात. मागे चाळ आहे ना, तिकडे जा. तुम्हाला पाहिजे तसली माणसं तिथे मिळतील."

मुलगी म्हणाली, "तसली माणसं नकोत, काका. सगळी पाहिजेत."

यावर सगळे आणखी हसले आणि सेक्रेटरीने गेट दाखवलं.

मी त्यांना पाणी दिलं. विचारलं, असलं विचारून तुम्हाला काय मिळतं? मोठीने सांगितलं, "आजी, कुठल्या भागात लोकांना काय माहीत आहे, लोक कसे वागतात, ते कळलं की तपासणी, औषध, माहिती कुठे न्यायची ते ठरवता येतं. आणि जो नाही म्हणतो, त्याच्यापुढे नकार लिहायचा. त्याच्या बदल्यात दुसरं घर घेता येत नाही."

मला ते लगेच समजलं. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पण शीत त्याच भांड्यातलं काढावं लागतं. आमच्या लोकांनी झाकणावर हात ठेवला आणि शेजारणीचं भांडं दाखवलं.

चाळीतलीही काही घरं त्यांच्याकडे होती. तिथे त्या आठवडाभर फिरल्या. पुढे चाळीत तपासणीची गाडी यायला लागली. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई चाळीतली. ती मला चिडवायची, "आजी, आमच्याकडे सगळ्यांनी बोट टोचून घेतलं, म्हाताऱ्या सासऱ्यानेपन. तुमच्या साहेब लोकांना रगत असतं का नुसताच चहा?" मी हसायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये गाडी आली नाही. कोण येणार? नकार लिहिलेला होता.

त्याच पावसाळ्यात समोरच्याला खोकला लागला. कोपऱ्यावरचा डॉक्टर आधी सर्दी म्हणाला, मग टायफॉइड, मग अशक्तपणा. माणूस काठीसारखा झाला. रक्त तपासा, असं त्याला कुणी म्हटलं नाही, कारण तो फॅमिलीवाला. अशातच तिला दिवस गेले. शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे टीबी निघाला आणि टीबीबरोबर हाही रोग निघाला. मग तिला बोलावून तपासलं. तिलाही होता. सहावा महिना चालू होता.

त्याला आधीपासून माहीत होतं का, मला ठाऊक नाही. त्या मुलींना हाकलताना तो हसत होता, एवढं मी बघितलंय.

तो मेला त्या दिवशी त्याची आई पॅसेजमध्ये छाती बडवत ओरडली, "हिनेच खाल्लं माझ्या पोराला! हिनेच आणला तो एड्स घरात!" तीन मजल्यांना ऐकू गेलं. जी बाई सहा वर्षांत भाजीवाल्यापलीकडे कुणाशी बोलली नव्हती, तिने आणला! दिवस झाल्यावर सासरचे लोक टीव्ही घेऊन गावी गेले. सून आणि तिच्या पोटातलं मूल इथेच ठेवून गेले.

त्यानंतर ते फिनेल.

कमिटीने तिला ब्लॉक विकून जायला सांगितलं. ब्लॉक दोघांच्या नावावर होता, म्हणून त्यांना काही करता येईना. मग त्रास सुरू झाला. तिचा कचरा उचलेनात. बायका तिला बघून जिन्याने उतरायच्या. माझा मुलगाही त्यातलाच. रात्री जेवताना म्हणाला, "आई, तू समोर जाऊ नकोस. घरात तुझा नातू आहे."

"नातवाच्या बापाने तपासून घेतलंय का?"

"आई! काय बोलतेस!"

"इचारलं फक्त. तूपन बाहेरगावी जातोस."

सून ओट्याजवळ उभी होती. तिने कढई खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने ताटातली भाकरी तशीच सोडली. पुढच्या आठवड्यात दोघं जाऊन तपासून आली. मला कुणी सांगितलं नाही, पण सुनेच्या बोटाला कापूस चिकटलेला मी बघितला.

समोर मात्र वेगळंच चाललं होतं. तिला रोज गोळी घ्यायची होती, बाळाला औषधाचे थेंब द्यायचे होते. आईच्या गोळ्या चालू राहिल्या आणि बाळाला थेंब वेळेवर मिळाले, तर मूल वाचतं, असं दवाखान्यात सांगितलं होतं. ते नीट चाललं होतं. फिनेलनंतर तिने गोळ्या बंद केल्या. मी डाळ-भात घेऊन गेले, तर डबी कपाटावर, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. बाळ भुकेने रडतंय आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली.

म्हणाली, "आजी, कशाला जगायचं? सगळे थुंकतात."

मला गोंजारता येत नाही. मी म्हटलं, "मरायचं असेल तर पोरीला आधी कुनाकडे तरी दे. मी घेनार नाय, माझे गुडघे गेलेत. आनि त्या सेक्रेटरीसाठी मरतेस? त्याच्यासाठी तर त्याची बायकोपन मरनार नाय."

ती हसली नाही. पण उठून बसली. मी पाणी दिलं, गोळी हातावर ठेवली, आणि गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत हलले नाही. मग बाळाला थेंब दिले. पुढे किती तरी दिवस मी हेच केलं. तिला राग यायचा. येऊ दे. दवाखान्यात रिक्षाने मीच बरोबर जायचे. तिथे रांगेत बसून बघितलं, तर शिकलेले, नोकरीवाले, मंगळसूत्रवाल्या, टाय लावलेले. सगळी फॅमिलीच.

फिनेलनंतर वर्षभराने पाहणीवाल्या मुली पुन्हा आल्या. या वेळी दुसऱ्या होत्या. मी गॅलरीत होते. खालून सेक्रेटरीचा आवाज आला, "आमच्याकडे फॅमिली लोक राहतात, तुम्ही मागे चाळीत जा." एक माणूस बिल्डिंगमधून उचलून स्मशानात नेला होता. त्याला यांनीच खांदा दिला होता. तरी तोंडातून शब्द तोच. मी वरून ओरडले, "पोरींनो, तिसऱ्या मजल्यावर या. माझ्याकडे दोन तरनी मानसं हायत, त्यांना इचारा. आनि सेक्रेटरी, तू मधे आलास तर तुला बायकोसमोर इचारीन." तो आत निघून गेला. त्या दिवशी आमच्याशिवाय आणखी दोन घरांनी दार उघडलं. बाकीच्यांनी कड्या लावल्या.

समोरची मुलगी दीड वर्षाची झाल्यावर तिची शेवटची तपासणी झाली. तिला रोग नाही. आईच्या गोळ्या चालू आहेत आणि ती कामावर जाते. तो मेला. त्या दोघी जगल्या.