रेवतीताईंचं व्हॅलेंतिना आख्यान

रेवतीताई तोरसकरांच्या कीर्तनाला मी दहा वर्षं पेटीची साथ करतो आहे. माझं नाव देवव्रत. आधी बँकेत होतो, मुलुंडला राहतो, आणि पेटी हा माझा रविवारचा उद्योग होता. रेवतीताईंमुळे तो आठवडाभराचा झाला.

रेवतीताई मूळच्या मालवणकडच्या. जन्म लालबागचा, आईवडील दोघंही गिरणीत. संपानंतर घर घाटकोपरला भटवाडीत आलं, आणि त्या टपाल खात्यात लागल्या. चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत त्यांचा कीर्तनाशी संबंध म्हणजे देवळात मागच्या रांगेत बसून ऐकणं, एवढाच. मग एकदा पार्ल्याला एका लग्नाला गेल्या असताना शेजारच्या देवळात पद्मजाताईंचं कीर्तन चाललेलं त्यांनी ऐकलं. जेवायचं सोडून दोन तास तिथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात पद्मजाताईंच्या दारात.

पद्मजाताई कडक. घरात चार पिढ्यांचं कीर्तन. त्यांनी एक ओवी म्हणायला लावली आणि म्हणाल्या, "आवाज आहे. पण तुमचा ण कुठे हरवलाय?"

रेवतीताईंनी तो ण टपाल कार्यालयाच्या खिडकीमागे बसून शोधला. पाणी, कोण, आपण, नाणं. समोरचा माणूस रजिस्टर पत्राची पावती मागायचा आणि ह्या त्याला तीनदा "आपण कोण" विचारायच्या. सहा महिन्यांनी ण सापडला. सहा वर्षांनी पहिलं स्वतंत्र कीर्तन झालं.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वार्धात एका अभंगावर निरूपण, उत्तरार्धात आख्यान, म्हणजे कुणाची तरी गोष्ट, गात आणि बोलत सांगितलेली. रेवतीताई बरीच वर्षं पद्मजाताईंनी दिलेलीच आख्यानं करत होत्या. चांगली करत होत्या. पण दोन वर्षांपूर्वी, दत्तजयंतीच्या सप्ताहाला चार महिने असताना, पद्मजाताई त्यांना म्हणाल्या, "माझ्या वहीतलं आता पुरे. स्वतःचं एक लिही. नायक असा घे की त्याच्याबद्दल बोलताना तुला घसा साफ करावा लागणार नाही."

रेवतीताई घरी आल्या. घरी आई, प्रेमाकाकू, तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. मुलगी श्रुतिका, अंधेरीला एका कंपनीत कामाला. रात्रीचं जेवताना रेवतीताईंनी सहज आईला विचारलं, "आये, तुला कुणाची गोष्ट ऐकायला आवडेल गं?"

प्रेमाकाकू म्हणाल्या, "त्या रशियाच्या पोरीची."

"कुठल्या?"

"वर गेलेली ती. आमच्यासारखीच गिरणीतली होती."

श्रुतिकाने ताटावरून उठून फोन आणला. आजीचं बरोबर होतं. व्हॅलेंतिना तेरेश्कोवा. अंतराळात गेलेली जगातली पहिली बाई, १९६३ सालच्या जूनमध्ये. बाप ट्रॅक्टर चालवायचा, ती दोन-तीन वर्षांची असताना लढाईत मेला. आई सूतगिरणीत. ही पण शाळा सोडून कामाला लागली, आधी टायरच्या कारखान्यात, मग गिरणीत, आणि पत्राने शिक्षण घेत राहिली. बाविसाव्या वर्षी घरी न सांगता विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारायला शिकली.

"हे तुला कसं माहीत?" रेवतीताईंनी आईला विचारलं. पण तोवर प्रेमाकाकू हात धुवायला उठल्या होत्या, आणि विषय तिथेच राहिला.

पुढचे दोन महिने आम्ही तिघं त्या बाईच्या मागे लागलो. श्रुतिका माहिती काढायची, रेवतीताई लिहायच्या, मी चाली बांधायचो. मला सुरुवातीला ते अवघड वाटलं होतं. मी स्पष्ट सांगितलं, "रेवतीताई, अंतराळयानाला कुठला राग लावू?" त्या म्हणाल्या, "यानाला नको लावूस. तिच्या आईला लाव." आणि त्यांनी मला पहिली साकी, आख्यानात गायचं दोन ओळींचं पद, म्हणून दाखवली:

गिरणीमधली पोर निघाली घालाया नभि फेरी,
आईला ती सांगुन गेली, येइन मी माघारी.

कारण तसंच झालं होतं. मोहीम गुप्त. त्यामुळे पोरीने आईला सांगितलं की पॅराशूटच्या स्पर्धेला जाते आहे. आईला खरी गोष्ट कळली ती सगळ्या जगाबरोबर, बातम्यांमधून. मी ती साकी भीमपलासात बांधली आणि मग मला राग शोधावे लागले नाहीत.

सप्ताह मुलुंड पूर्वेच्या एका दत्तमंदिरात होता. तिथल्या उत्सव समितीचे प्रमुख श्यामकांत करंदीकर, सत्तरीचे, अतिशय सभ्य, आणि एकदा ठरवलेलं न बदलणारे. आम्ही त्यांना भेटायला गेलो.

"तोरसकरबाई, यंदा आख्यान कोणतं?"

"व्हॅलेंतिना तेरेश्कोवा."

"दत्तजयंतीला?"

"हो."

"त्यात परमार्थ काय आहे?"

"कष्ट आहेत, धीर आहे. दिलेला शब्द तीस वर्षं पाळलेला आहे. तुम्ही ऐका, मग सांगा."

श्यामकांतांनी चष्मा पुसला. "त्या बाई आज तिकडे राजकारणात आहेत, सत्ताधारी पक्षात. हे तुम्हाला ठाऊक असेलच."

"ठाऊक आहे," रेवतीताई म्हणाल्या. "त्यांची आजची मतं मला पटत नाहीत. मी त्यांच्या पहिल्या सव्वीस वर्षांचं आणि वरच्या तीन दिवसांचं कीर्तन करणार आहे. पुढच्या साठ वर्षांना मी हार घालत नाही."

ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी आम्हाला बुधवार दिला. सप्ताहात बुधवारी गर्दी सगळ्यात कमी असते, हे मुलुंडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. रेवतीताईंनाही माहीत होतं. बाहेर आल्यावर मी चिडलो होतो. त्या म्हणाल्या, "अरे, तिच्या बरोबरीच्या चौघींना तर काहीच मिळालं नाही. तिच्यासकट पाच जणी निवडल्या होत्या, त्यातली ती एकटीच वर गेली. आपल्याला निदान बुधवार मिळालाय."

त्या बुधवारी संध्याकाळी सहाला मंडपात साठएक माणसं होती. पद्मजाताई पार्ल्याहून आल्या होत्या आणि मुद्दाम कडेला बसल्या होत्या. प्रेमाकाकूंना श्रुतिकाने रिक्षाने आणून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं होतं. रेवतीताई नऊवारी नेसून, हातात झांज घेऊन उभ्या राहिल्या. पूर्वार्ध नीट झाला. मध्यंतरात त्यांना हार घातला गेला, बुक्का लावला गेला. मग आख्यान सुरू झालं.

पहिली पाच मिनिटं लोक नुसते पाहत होते. नाव जिभेला सवयीचं नाही, गाव सवयीचं नाही. मागून दोघं उठून गेले. मी ते पाहिलं आणि पेटीचा सूर थोडा वाढवला. रेवतीताई गिरणीच्या वर्णनावर आल्या. "वायंडिंग खात्यात, म्हणजे सूत रिळांवर गुंडाळतात तिथे, आवाज इतका, की शेजारणीशी बोलायचं तर ओठ वाचायचे. सूत तुटलं की पोरीने ते कातरायचं आणि मग गाठ मारायची..."

"तसा नाय गो."

पहिल्या रांगेतून आवाज आला. प्रेमाकाकू. खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या.

"आधी गाठ. मगे कातर. आधी कातरलंस तर टोक हातात खय येतला?"

मंडप हसला. मी रेवतीताईंकडे पाहिलं. कीर्तन चालू असताना समोरच्याने चूक काढली की भल्याभल्यांची गाडी रुळावरून उतरते. रेवतीताईंनी झांज खाली घेतली.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "ही माझी आई. वायंडिंग खात्यात एकवीस वर्षं होती. आये, दाखव."

श्रुतिकाने आजीसमोर माईक धरला. पण प्रेमाकाकूंना तो नको होता. त्यांनी पदराच्या कडेचा एक सुटा दोरा ओढला, तोडला, दोन टोकं दोन हातांत घेतली. बोटं सांध्यात वाकलेली, चहाचा कप दोन हातांनी धरणारी. त्या बोटांनी काय केलं ते मला दिसलंच नाही. एका श्वासात दोरा पुन्हा एक झाला होता. पुढच्या बायका उठून बघायला आल्या. एकीने दोरा ओढून पाहिला. गाठ हलली नाही.

"आये, आता मला एक सांग," रेवतीताईंनी विचारलं. हे काही आमचं ठरलेलं नव्हतं. "ह्या पोरीची बातमी तुला कधी कळली?"

"त्याच दिसांत. सुट्टीत एक कारकून पेपर वाचून दाखवी. तो म्हणालो, रशियाची गिरणीतली पोरगी आकाशात गेली. आम्ही सगळ्यो हसलंव. मी पेपर मागून घेतलंय. फोटो होतो. खाली कायतरी लिवलेला होता. माका वाचूक येय नाय."

पुढच्या बायका त्यांच्या खुर्चीजवळ सरकल्या.

"माका खूप राग इलो. ती वर जाऊन इली आणि माका खालचा पण वाचूक येय नाय. त्याच आठवड्यात युनियनच्या रात्रीच्या वर्गात जाऊन बसलंय. आठ महिन्यांत वाचूक लागलंय."

रेवतीताईंनी लहानपणापासून एकच पाहिलं होतं, की शेजारच्या आयांना जमत नाही ते आपल्या आईला जमतं. ती अभ्यास तपासते, शुद्धलेखन घालते, दाखल्याचा अर्ज स्वतः भरते. आई वाचायला कुठे शिकली, हे कधी विचारावंसं त्यांना वाटलं नव्हतं. ते त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी, साठ माणसांच्या समोर, कळत होतं. त्यांचे डोळे भरले. मी पेटीवर षड्ज धरून ठेवला, तेवढंच माझ्या हातात होतं. मग रेवतीताईंनी नऊवारीचा पदर खोचला, झांज उचलली, आणि ती साकी अशा आवाजात घेतली की रस्त्यावरून जाणारी माणसं कमानीशी थांबली.

त्यानंतर मंडप त्यांचा होता. अठ्ठेचाळीस फेऱ्या, जवळजवळ तीन दिवस, एका माणसापुरत्या गोळ्यात. वरून हाक मारायचं नाव चायका, म्हणजे समुद्रावरचा पांढरा कुरव पक्षी. "आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर थंडीत येतो ना, तोच," असं त्या म्हणाल्या तेव्हा मागच्या काही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तिच्या सामानात जेवण होतं, टूथपेस्ट होती, पण ब्रश ठेवायला शास्त्रज्ञ विसरले होते, हे ऐकून बायका मनापासून हसल्या. "तिथे सामान भरायला एखादी आई हवी होती," रेवतीताई म्हणाल्या.

मग त्यांनी आवाज खाली आणला. वर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की यानाच्या यंत्रात घातलेली दिशा उलटी आहे. परतायच्या वेळी यान पृथ्वीकडे येण्याऐवजी आणखी वर जाईल. "ती एकटी. सव्वीस वर्षांची. आरडाओरडा केला नाही, रडली नाही. खाली कळवलं, की दिशा चुकली आहे. खालच्यांनी नवे आकडे पाठवले, तिने ते यंत्रात भरले. मोहिमेच्या प्रमुखाने विनंती केली, हे कुणाला सांगू नकोस, कुणाची तरी नोकरी जाईल. तिने शब्द दिला. तीस वर्षं तोंड उघडलं नाही."

उतरताना, ठरल्याप्रमाणे यानाच्या बाहेर फेकली जाऊन, सात किलोमीटर उंचीवरून, ती पॅराशूटने खाली आली. गाल आणि नाक खरचटलं. भोवती शेतकरी जमले. तिने आपलं अंतराळातलं जेवण त्यांना वाटलं आणि त्यांचे बटाटे-कांदे स्वतः खाल्ले, म्हणून नंतर डॉक्टरांची बोलणी खाल्ली. "आकाश बघून आलेल्या माणसाला पहिली भूक कशाची लागते?" रेवतीताईंनी विचारलं. समोरून कुणीतरी म्हणालं, "घरच्या जेवणाची." त्या म्हणाल्या, "या, तुम्हीच पुढचं सांगा." मंडपभर हशा.

आरतीला उभं राहताना मी मोजायचा प्रयत्न केला. साठाचे दोनशे तरी झाले होते. कमानीबाहेर फळवाले, क्लासमधून सुटलेल्या मुली, एक पोस्टमन. श्यामकांत करंदीकर प्रसाद वाटण्याचं काम दुसऱ्याकडे देऊन प्रेमाकाकूंच्या खुर्चीशी आले आणि वाकून त्यांना नमस्कार केला.

"तोरसकरबाई," ते मग रेवतीताईंना म्हणाले, "मी परमार्थाचं विचारलं होतं. तो प्रश्न मागे घेतो. शनिवारी समाप्तीचं कीर्तन आहे. ज्यांचं होतं त्यांचा घसा बसलाय. तुम्ही हेच पुन्हा कराल?"

"हेच?"

"हेच. आईंनाही आणा."

शनिवारी मंडप पुरेना म्हणून रस्त्यावर सतरंज्या टाकल्या. प्रेमाकाकूंनी ह्या वेळी घरून दोऱ्याचं रीळ आणलं होतं आणि आरतीनंतर वीस-पंचवीस जणींना गाठ शिकवली. कुणालाच ती त्यांच्या वेगाने जमली नाही, हे त्यांना फार आवडलं.

तेव्हापासून हे आख्यान एकेचाळीस वेळा झालं आहे. विलेपार्ले, दहिसर, नाशिक, सावंतवाडी. गोवंडीच्या एका शाळेत मुलींसमोर केलं तेव्हा एक सातवीतली मुलगी उठून म्हणाली, "ती परत का नाही गेली वर?" रेवतीताईंनी तिला खरं सांगितलं, की पुन्हा तिला पाठवलं नाही, तिने इंजिनिअरिंगची पदवी आणि पुढे डॉक्टरेट घेतली, आणि दुसऱ्या बाईला वर जायला एकोणीस वर्षं लागली. मुलगी म्हणाली, "एवढी?" आणि वहीत लिहून घेतलं.

गेल्या महिन्यात पद्मजाताईंच्या पार्ल्याच्या वर्गात मी पेटी घेऊन बसलो होतो. गंधाली नावाची एक नवी विद्यार्थिनी पाठ म्हणत होती, आणि मला दोन ओळींतच कळलं की ती काय म्हणते आहे. भीमपलास, गिरणी, आईला सांगून निघालेली पोर. पद्मजाताईंनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं होतं. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्यांच्या आख्यानांच्या खाली, त्यांच्याच अक्षरात.

गंधाली म्हणून थांबली. "ताई, हे कुणाचं आहे?"

"तोरसकरबाईंचं," पद्मजाताई म्हणाल्या. "आता पुन्हा म्हण. आणि गाठ आधी, कातर मग. तिथे चुकू नकोस."