मारुतीच्या देवळात हिडिंबेचं लग्न

२० जुलै २०२५ रोजी सयाजीने जुन्नरच्या पेठेतून ४४९ रुपयांना पांडवांची पोथी आणली. पावती घेतली, घडी करून पाकिटात ठेवली, पोथी नव्या लाल कापडात गुंडाळली आणि एसटी गावी, शिनोलीला पोचेपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. उघडून मात्र पाहिली नाही. नवी पोथी श्रावणाच्या पहिल्या दिवशी देवळात चौरंगावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि मगच उघडायची, ही त्याच्या वडिलांची शिस्त होती. पुढच्या महिनाभराच्या मनस्तापाचं मूळ या शिस्तीत होतं.

सयाजी पासष्टीचा, अडीच एकरांचा शेतकरी. गावात त्याची खरी ओळख पोथी वाचणारा म्हणून. वडील गेले तेव्हा त्यांनी शेताबद्दल काही सांगितलं नाही, पोथीबद्दल सांगितलं. लावलेली पोथी अर्धी उठवायची नाही, आणि लग्नाचा अध्याय येईल त्या दिवशी गावाला पुरणपोळी घालायची. "तुझ्या हातनं मोडू देऊ नको," एवढं बोलून ते गेले. सयाजीने तीसेक श्रावण ते मोडू दिलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात देवळाच्या कोनाड्यात जुन्या पोथीला वाळवी लागली, म्हणून तर ही खरेदी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मारुतीच्या देवळात माणसं जमली. सयाजीने पूजा केली, नारळ फोडला, लाल कापड सोडलं. वर भगवा कागद, त्यावर सोनेरी गदा. वरचं प्लास्टिक काढून त्याने गदेला कुंकू लावलं, पहिलं पान उघडलं आणि ओवीच्या चालीत सूर लावला.

"रान जळत होतं, आणि मी, हिडिंबा, त्या उजेडात माझ्या भावाचा चेहरा शेवटचा बघत होते, जो चेहरा..."

वाक्य संपेना. ओवीला श्वास घ्यायला जागा असते. या वाक्याला नव्हती. पानाच्या तळाशी पोचेपर्यंत सयाजीला खोकला लागला.

त्याची सून आरती पूजेचं ताट घेऊन शेजारी उभी होती. तिने वाकून पान बघितलं आणि हळूच म्हणाली, "आण्णा, ही पोथी न्हाई. कादंबरी हाय. हिडिंबा सांगतीय समदं."

"कोण सांगतीय?"

"हिडिंबा. भीमाची राक्षसीण बायको. आजकाल अशीच लिवत्यात. जिला कुणी इचारलं न्हाई तिच्या बाजूनं."

"तुला कसं म्हाईत?"

"मी मोबाइलवर असलीच वाचते."

सयाजीने पुस्तकाकडे पाहिलं. गदेवर त्याच्याच हाताने लावलेलं कुंकू होतं. समोर फुटलेला नारळ होता. पोथी लागली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाला फोन लावून कुंकवासकट सगळं सांगितलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "तुम्ही पांडवांचं जाड पुस्तक मागितलं, मोठ्या अक्षराचं. तेच दिलं. वर गदा आहे की. बदलून देतो, पण कुंकू लागलेलं पुस्तक आम्ही परत घेत नाही."

"मग खरी पोथी आणून शेजारी ठेवू का?" सयाजीने राघूला विचारलं.

राघू वरच्या आळीचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मेंढरं आता दहाबारा राहिली होती, बाकी टोमॅटो. देवळात त्याचं काम ठरलेलं होतं. सयाजीने ओवी म्हणायची, राघूने तिचा अर्थ सांगायचा.

"एका चौरंगावर दोन पोथ्या?" राघू म्हणाला. "उद्या एका बोहल्यावर दोन नवरे उभं करशील."

"मग करू काय?"

"वाच की. माझी तर सुट्टीच झाली. ह्यात सांगायचं काय? समदं कळतंयच."

पण राघूला सुट्टी मिळाली नाही. पहिल्या दिवशी भीमाने हिडिंबेच्या भावाला मारलं होतं. दुसऱ्या दिवशी तो भाऊ झाडाखाली बसून कंदमुळं खात होता. तिसऱ्या दिवशी हिडिंबा म्हातारी झाली होती आणि चौथ्या दिवशी पुन्हा दहा वर्षांची.

"काल मेलेला माणूस आज जेवतोय," मागून कुणीतरी म्हणालं. "सयाजीभाऊ, पानं उलटी लागली का?"

सयाजीने पानांचे आकडे तपासले. आकडे बरोबर होते. त्याचा संताप झाला. रोजच्या हिशेबात खाडाखोड नको म्हणून जपणारा माणूस तो. आधीचं आधी आणि नंतरचं नंतर सांगायला काय पैसे पडतात, हे त्याला कळेना.

राघूने घसा खाकरला. "त्ये तिला आठवतंय. आपलं न्हाई का, म्हस मरून वरीस झालं तरी धार काढताना तिचंच नाव तोंडात येतं. तसं." लोकांना ते पटलं. सयाजीला पटलं नाही, पण वाचत गेला.

पुस्तकाच्या आणखीही तऱ्हा होत्या. एकदा वाक्य आलं, 'तिच्या आत काहीतरी तुटलं.'

"काय तुटलं?" राघूने विचारलं.

सयाजीने पुढची दोन वाक्यं मनात वाचली. "लिवलं न्हाई."

"मग मी काय सांगू?"

"सांग, तुटलं म्हणून."

गंमत म्हणजे गर्दी वाढत चालली. एरवी दिवा लावून घरी जाणाऱ्या बाया खांबांना टेकून बसू लागल्या. त्यातली एक सयाजीची थोरली बहीण गोजरबाई. तिचा नवरा ट्रकवर होता. आदेश, तिचा मुलगा, रांगत होता तेव्हा नवऱ्याने नाशिककडे दुसरा संसार मांडला आणि गोजरबाई माहेरी परतली. त्याला चाळीस वर्षं झाली. आदेश आता चाकणला कारखान्यात होता. देवळातल्या लग्नाच्या दिवशी गोजरबाई दरवर्षी मागच्या पडवीत पोळ्या लाटायची. अक्षता टाकायला ती कधी पुढे आली नव्हती. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं आणि ये असंही म्हटलं नव्हतं.

यंदा ती रोज पहिल्या रांगेत बसायची आणि उठताना एकच विचारायची, "मग, भीम माघारी आला का?"

"आक्का, अजून त्यो गेलाच न्हाई तर माघारी कुठनं यील?"

"पण जाणार हाय न्हवं?"

"पांडवच त्ये. जाणारच."

"अन पोरगं?"

"पोरगं तिच्यापाशी. घटोत्कच."

"पोसल तीच," गोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणायची, "अन लढाईला लागंल तवा बापाला आठवंल." सयाजीला याचाही वैताग यायचा, कारण पुस्तकात पुढे तसंच होतं. वाचणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्याने सांगायचं म्हणजे काय?

पण खरा पेच लग्नाचा होता. जुन्या पोथीत द्रौपदीचं स्वयंवर यायचं आणि त्या दिवशी देवळात खरंखुरं लग्न लागायचं. दोन नारळ, त्यांना मुंडावळ्या, मध्ये सयाजीच्या उपरण्याचा अंतरपाट. वरची आळी नवऱ्याकडची, खालची आळी मुलीकडची. मुलीचा भाऊ म्हणून खालच्या आळीचा संपत उभा राहायचा, नवऱ्याचा कान म्हणून नारळाची शेंडी पिळायचा आणि वरच्या आळीकडून कानपिळीचे एकवीस रुपये घेऊन जायचा. मग अक्षता, मग जेवण. यंदाचा रविवार ठरला होता, दहा ऑगस्टचा. आहुपे आणि घाटघरपर्यंत पाहुण्यांना निरोप गेले होते. हरभऱ्याची डाळ येऊन पडली होती. आणि या पुस्तकात स्वयंवर नव्हतंच.

"आसंल की कुठंतरी," सयाजी आरतीला म्हणाला. "अर्जुनाचं लग्न सोडून पांडवांची गोष्ट व्हतीय का?"

"हिडिंबा त्या मंडपात नव्हतीच, आण्णा. तिनं जे बघितलं न्हाई ते ती सांगत न्हाई. मी शेवटपर्यंत वाचलंय."

सयाजी खाली बसला. लग्न नाही म्हणजे जेवण नाही. जेवण नाही म्हणजे वडिलांचं वचन मोडलं, आणि ते एका दुकानदाराच्या बेफिकिरीपायी मोडलं.

"लग्न हाय पण एक," आरती म्हणाली. "हिडिंबेचं. भीमाशी. रानात लागतं, कुंती परवानगी देती."

"त्ये काय लग्न? पोरगं हुईस्तवर राहायचं अन मग निघून जायचं."

"कुंतीसमोर लागलं म्हंजे लग्नच की."

दुसरा इलाज नव्हता. रविवारी सकाळपासून मागच्या पडवीत पुरण शिजत होतं. अकरा वाजता सयाजीने ते पान उघडलं. कालच्या राखीचा गोंडा पानावर घासत होता, तो त्याने मनगटाच्या मागे सारला. दोन नारळ मांडले होते. वरची आळी डावीकडे बसली. राघूने मारुतीकडे बोट दाखवलं. "भीम म्हंजे मारुतीचा भाऊ. देवसुद्धा आमच्याकडचा."

उजवीकडची सतरंजी रिकामी होती. खालची आळी एकेक करून डावीकडे सरकली होती. राक्षसिणीचं माहेर व्हायला कुणी तयार नव्हतं.

"संपत, हिकडं ये," सयाजी म्हणाला. "तुजी जागा हिकडं."

"न्हाई, आण्णा," संपत जागेवरूनच म्हणाला. "द्रौपदीचा भाऊ म्हणून किती येळा उभा राहिलो. पण हिचा भाऊ पयल्याच पानावर मेलाय. मेलेल्या माणसाच्या जागी उभा राहिलो तर बायको घरात घ्यायची न्हाई."

"अरं नारळ हाय त्यो."

"नारळ हाय, पण बायको खरी हाय."

लोक हसले. सयाजी हसला नाही. घाटघरचे पाहुणे तोंडाकडे बघत होते. मुलीकडचं कुणी नाही म्हणून लग्न अडलंय, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही नारळांच्या लग्नात. वडिलांनी याचा काही इलाज सांगून ठेवला नव्हता.

तेवढ्यात मागच्या पडवीतून गोजरबाई आली. कोपरापर्यंत कणीक. पदराला हात न पुसताच ती उजवीकडच्या सतरंजीवर मधोमध बसली.

"मी हाय मुलीकडची," ती म्हणाली. "लावा लग्न."

राघूच्या बायकोने डोक्यावरचा पदर नीट केला. मग आरती उठून गोजरबाईशेजारी बसली, तिच्यामागे आणखी तिघीचौघी.

"बायामाणसं झाली," राघू म्हणाला, "पण भाऊ लागतो, गोजराक्का. भावाबिगर कानपिळी न्हाई. अन कानपिळीबिगर आमचा नवरा जागचा हालत न्हाई."

"हाय की भाऊ," गोजरबाई म्हणाली. "त्यो काय, वाचत बसलाय."

"मी?" सयाजी म्हणाला. "मी वाचायचं का उभं राहायचं? एका माणसानं किती कामं करायची?"

"आरती वाचंल."

"आरती? चौरंगावर?"

"तिला पाठ हाय," गोजरबाई म्हणाली. "ऊठ. पुरण खाली लागंल."

सयाजी उठला. वैतागतच उठला. चौरंगामागे आरती बसली आणि तिने वाचायला सुरुवात केली. चाल लावली नाही, सरळ बोलल्यासारखं वाचलं. वाक्य जिथे दमतं तिथे ती थांबत होती. इतके दिवस आपण उगाच खोकत होतो, हे सयाजीच्या लक्षात आलं, आणि त्याचाही त्याला राग आला.

तो हिडिंबेच्या नारळामागे उभा राहिला. गोजरबाई समोर बसली होती. तिच्या लग्नात त्याने दाजीचा कान पिळला होता, अगदी हळू, कारण दाजीने आधीच त्याच्या मनगटावर घड्याळ बांधलं होतं. काळ्या पट्ट्याचं. ते त्याने बरीच वर्षं वापरलं.

"पिळा आता," राघू म्हणाला. "बेतानं."

सयाजी वाकला. भीमाच्या नारळाची शेंडी त्याने मुठीत धरली आणि पिळली. आणखी पिळली. शेंडी मुळासकट हातात आली आणि नारळ घरंगळत मारुतीच्या पायरीला जाऊन थांबला.

"नवऱ्याचा कानच उपटला, राव," राघू म्हणाला.

हसण्याचा एकच गलका झाला. संपत तर भिंतीला टेकला. गोजरबाईने मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. तिने कणकेच्या हाताने परातीतून मूठभर अक्षता उचलल्या आणि टाकल्या. निम्मे तांदूळ तिच्या बोटांनाच चिकटून राहिले. ते तिने एकेक करून सोडवले आणि तेही टाकले. मग सगळ्यांनी टाकल्या.

जेवणं दुपारी तीनपर्यंत चालली. पुरण खाली लागलं होतं, पण कुणी ताटात टाकलं नाही. संपत म्हणाला की गोजराक्कानं थोडं पाणी जास्त घालायला हवं होतं, तर गोजरबाई म्हणाली, "मी आज वऱ्हाडी व्हते. सैपाक्याला सांग."

त्यानंतर चौरंगामागे आरतीच बसली आणि सयाजी शेजारी पान उलटायला. हिडिंबेचं म्हातारपण दोनदा आलं आणि भीम शेवटपर्यंत परत आला नाही. गोजरबाईने विचारायचं सोडलं. श्रावणाच्या अमावस्येला शेवटचं पान झालं, तेव्हा सयाजीने पुस्तक लाल कापडात बांधून कोनाड्यात ठेवलं आणि वाळवीचं औषध टाकलं. पुढच्या वर्षी पोथी दुकानातच उघडून बघायची, असं त्याने ठरवलं. पुढच्या वर्षी कुणाची पोथी लावायची, याबद्दल खांबांना टेकलेल्या बायांचं आधीच काहीतरी ठरलेलं दिसत होतं, आणि त्यात त्याला कुणी विचारलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी राघूने पैसे दिले नाहीत. कान पिळायचे पैसे ठरलेत, उपटायचे नाहीत, असं त्याचं म्हणणं. सयाजीने दिवाळीत आठवण केली, संक्रांतीलाही केली.

कानपिळीचे एकवीस रुपये राघूकडून अजून यायचे आहेत.