सासूने ताट सरकवलं तेव्हा

भिया लोक, आज दुपारी घरी एक जुना तेलुगू फॅमिली पिक्चर लावला होता. माझी बायको राजमुंद्रीची. ती आईला एकेक डायलॉग हिंदीत सांगत होती.

पिक्चरमधल्या सासूने सुनेने वाढलेलं ताट सरकवलं आणि ती काहीतरी बोलली. बायकोने तेवढा डायलॉग सोडून पुढचा सांगायला घेतला.

आई म्हणाली, "रहने दे बेटा, समजलं. काल मी पण तेच केलं ना?"

काल बायकोने माहेरच्या पद्धतीचं चिंचेचं सार केलं होतं. आईने न चाखताच वाटी बाजूला केली.

आज आईने तेच सार फ्रिजमधून काढून गरम केलं. "आंबट आहे," म्हणाली आणि पुन्हा वाढून घेतलं.

काल मीही तिथेच जेवत होतो, मोबाइल बघत. तुमच्या घरी वाटी सरकते, तेव्हा तुम्ही कुठे बघत असता?