मुका खांब

मंगळवारी सकाळी ताई गेली. भाऊजींचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, कॉलेजच्या ग्रंथालयाचं कुलूप उघडत होतो. “बापू, शकू गेली,” ते म्हणाले. मी कुलूप परत लावलं, किल्ली शिपायाकडे दिली आणि घरी आलो. माझी बायको वैशाली रेवाला शाळेतून घेऊन आली होती. आम्ही तिघं बसनं अमरावतीला निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा रेवानं खिडकीतून नजर न काढता विचारलं, “आत्याची पिशवी कुठं आहे?” मी म्हणालो, असेल घरीच.

रेवा आमची मुलगी, नऊ वर्षांची. पिशवी म्हणजे ताईची विणकामाची पिशवी. त्या पिशवीत रेवाचा स्वेटर होता, हे मला बसमध्ये आठवलं नव्हतं, तिला आठवलं होतं.

शकूताई माझ्याहून बरीच मोठी. भातकुलीच्या रस्त्याला आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. पहाटे तोडलेली फुलं अमरावतीच्या बाजारात जाण्याआधी आई आणि ताई अंगणात हार ओवत बसायच्या. मलाही एक परडी मिळायची. मी दोन-चार फुलं ओवून मांडीवरचं पुस्तक उघडायचो आणि माझी परडी ताई संपवायची. “पुस्तक खाऊन राह्यला का बे? खाय, पोट भरलं का सांगजो,” एवढंच ती म्हणायची. बोलताना तिचे हात थांबत नसत. दोन पिवळी, एक पांढरं, मधे हिरवं पान... हाराकडे ती क्वचितच बघायची. फूल सुईत कधी जातं हे माझ्या डोळ्यांना कधी दिसलं नाही.

लग्नानंतर ती परतवाड्याला गेली. भाऊजी एसटीत मेकॅनिक. मेळघाटाच्या पायथ्याशी असल्यानं तिथं हिवाळ्यात थंडी पडायची आणि हातांना ओवायला फुलं नव्हती. शेजारी एक नर्सबाई राहायच्या, त्यांनी तिला क्रोशा शिकवला. पुढं बदली होऊन दोघं अमरावतीला आली, साईनगरात लहानसं घर बांधलं, आणि ताईच्या ओसरीवर दुपारी गल्लीतल्या मुली शिकायला येऊ लागल्या. त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल ती माझ्याजवळ कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी विचारायची पद्धत नव्हती.

ओसरीवर मी जायचो तेव्हा एका कोपऱ्यात खुर्ची टाकून वाचत बसायचो आणि कानावर ते शब्द पडत राहायचे. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. सुईवर दोरा घेऊन उंच टाका घातला की तो खांब. दोरा न घेता घातलेला बुटका, घट्ट टाका म्हणजे मुका खांब. “तीन मुके, एक साखळी, पुढच्या घरात जाय,” असं ताई सांगायची. शब्द गोळा करायची मला सवय, त्यामुळे हे नाव मला फार आवडायचं. भिंतीसारखा उभा राहणारा, काही न बोलता वीण धरून ठेवणारा टाका. पुढं हाच शब्द आमच्या घरात सगळ्यांनाच नकोसा होईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तीन वर्षांची झाली तरी रेवा बोलत नव्हती. ऐकू नीट यायचं, सांगितलेलं सगळं कळायचं, ती हसायची, रुसायची, चांगली हट्टी होती. शब्द मात्र नव्हता. अकोल्यात डॉक्टर झाले, बोलायला शिकवणाऱ्या बाई झाल्या. सगळे म्हणत, येईल, वेळ द्या. वेळ देणं म्हणजे नेमकं काय करायचं हे मला उमगत नसे. मी मुलांच्या वाढीवरची पुस्तकं घरी आणायचो आणि वैशाली ती उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवायची. त्या सुमारास नात्यातल्या एका लग्नात, जेवायला बसलो असताना समोरच्या बाईंनी मोठ्यानं विचारलं, “पोट्टी मुकी हाये का वो?” वैशालीचा घास हातात राहिला. ताई वाढत होती. तिनं बाईंच्या ताटात वरणाचा आणखी एक डाव घातला आणि म्हणाली, “तिच्या वाटचं तुमी बोलून राह्यल्या ना! जेवा आता, थंड होते.”

त्याच हिवाळ्यात तिनं रेवासाठी स्वेटर करायला घेतला. आम्ही दर रविवारी अमरावतीला जायचो. भाऊजींना हा उद्योग पसंत नव्हता. “अमरावतीत थंडी येते कवा अन् जाते कवा! अन् तू सूटर घेऊन बसली.”

“थंडी आली का पहिले तुमीच गोधडीत घुसता,” ताई म्हणाली. “तवा इचारतो मी तुमाले.”

चिडली की ती अशी पुरुषासारखी ‘इचारतो मी’ म्हणायची. भाऊजी हसून रेडिओ लावायचे.

मळ्यावरची जुनी फुलांची टोपली तिनं आणून ठेवली होती. तीत लोकरीचे गुंडे. रेवाला समोर बसवून ती विचारायची, “कोन्ता?” आणि मग थांबायची. मुलगी लगेच बोट दाखवायची नाही. एक गुंडा हातात घ्यायची, ठेवायची, दुसऱ्याला नाक लावायची. मला ते बघवायचं नाही. “ताई, निळा घे, तिला निळा आवडतो,” मी पहिल्याच दिवशी म्हणालो. ताईनं सुई खाली ठेवली. “तू नको बोलू. तिचं तिले सांगू दे.” बराच वेळ गेला. रेवानं नारिंगी गुंडा उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

असं ते सुरू झालं. गळ्यापासून खाली, गोल गोल. रेवानं दिलेल्या रंगाचा पट्टा ताई विणत राहायची, आणि रेवा तिच्या मनगटावर हात ठेवील तेव्हा थांबायची. मग पुन्हा टोपली, पुन्हा “कोन्ता?” त्यामुळे एकही पट्टा दुसऱ्याएवढा नाही. नारिंगी चांगला चार बोटं रुंद, त्याखाली पांढऱ्याची नुसती एक रेघ, मग हिरवा, मग परत नारिंगी. ओसरीवरच्या मुलींना ते विचित्र वाटायचं. दीपाली नावाची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “काकू, डिझाइन चुकलं ना तुमचं.” ताई म्हणाली, “डिझाइन माह्यं नाही, तिचं हाये. मी नुसती हमाल.”

एका दुपारी ती दीपालीच ओळ मोजता मोजता बोलली, “काकू, इथं मुका खांब घालू का?” रेवा टोपलीजवळ बसली होती. तिनं मान वर केली. नेहमीचंच वाक्य होतं, पण माझं पुस्तकातलं लक्ष उडालं आणि ताईचे हात थांबले. रेवानं न सांगता, ओळीच्या मधेच हात थांबलेले मी बहुधा पहिल्यांदाच पाहिले.

“आजपासून त्याले मुका खांब म्हनाचं नाही,” ताई म्हणाली. “बुटका खांब म्हना.”

“पन काकू, यूट्यूबवर तं मुकाच म्हन्तात.”

“यूट्यूबले माह्याकडं पाठवजो. मी सांगते त्याले.”

मुली हसल्या. शब्द बदलला. नवीन आलेल्या मुली तर बुटका खांब हेच खरं नाव समजून शिकल्या. आयुष्यभर शब्दांमध्ये बसलेला माणूस मी; एका लेकरासाठी कुणी आपल्या कामातला शब्द असा उचलून बाजूला ठेवताना मी पाहिलं नव्हतं.

स्वेटर त्या वर्षी पुरा झाला, म्हणजे रेवाच्या कमरेपर्यंत आला. बाह्या झाल्या. पण शेवटचा टाका ताईनं बंद केला नाही. सुई काढून त्या फासात सेफ्टी पिन अडकवली. “लेकरू वाढते,” ती म्हणाली, “सूटर काहून नाही वाढनार?” आणि खरोखरच पुढच्या हिवाळ्यात पिन काढून तिथूनच नवे पट्टे सुरू झाले. बगलेखाली पट्टी घालून तो रुंदही केला. दर थंडीत पिन निघायची, टोपली यायची, ताई विचारायची आणि थांबायची.

दुसऱ्याच हिवाळ्यातली गोष्ट. रविवार होता. ओसरीवर ऊन आलं होतं, तीन-चार मुली होत्या, मी खुर्चीवर. ताई विणता विणता स्वतःशीच मोजत होती. “हा झाला खांब... आता एक बुटका...”

“मुका,” रेवा म्हणाली.

मला वाटलं मला भास झाला. रेवानं आपला गाल ताईपुढे केला आणि पुन्हा म्हणाली, “मुका.”

वैशाली रोज झोपवताना तिच्याजवळ मागायची तो मुका. पापा. एवढे दिवस तिनं तो शब्द ऐकला होता, आईच्या तोंडून आणि ओसरीवरूनही, आणि तिच्या लेखी त्याचा दुसरा अर्थच नव्हता. ताई आणि त्या मुली सुईनं लोकरीचे मुके घेत होत्या, एवढंच तिनं समजून घेतलं होतं. मग मधेच तो शब्द बंद का झाला, हे तिला कळलं नसणार. ताईनं विणकाम बाजूला ठेवलं, तिचा मुका घेतला आणि म्हणाली, “व्हय माय, मुकाच. माह्यंच चुकलं.” मग मुलींकडे वळली, “ऐकलं का वो? आजपासून मुकाच म्हना.” दीपाली पुटपुटली, “मी तं पहिलेच म्हनत होती.” वैशाली आत स्वयंपाकघरात होती. तिला सांगायला मी उठलो, आणि दारापर्यंत जाऊन तिला नुसतं हातानं बाहेर बोलावलं.

त्यानंतर सगळं झटकन सुरळीत झालं असं नाही. शब्द एकेक करून आले, काही महिने एकही नवा आला नाही. आजही अनोळखी माणसांत रेवाची जीभ अडते, शाळेत मोठ्यानं वाचायची वेळ आली की तिचं पोट दुखतं. ताईजवळ मात्र ती बोलायची, कारण ताई वाक्य पुरं करून द्यायची नाही. अडलं की ती सुई चालवत राहायची. घाई नाही, “हां, हां, पुढं?” नाही. वाक्य येईल तेव्हा येईल.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ताई दवाखान्यातून घरी आली होती. हृदय मोठं झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. “लहान कवा होतं?” भाऊजी मला म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. पलंगावर उशीला टेकून तिनं पिन काढली. या वेळी रेवानं काळा गुंडा उचलला. भाऊजींनी कपाळाला आठ्या घातल्या. “लेकराच्या अंगावर काया?”

“संक्रांतीले चालते,” ताई म्हणाली, “तं सूटरले काहून नाही?” आणि रेवाला, “तुले काहून पाह्यजे काया?”

रेवाला बराच वेळ लागला. “मळ्यातली... माती. तू सांगते ना, ओली झाली का पायाला... चिकटते. ती.”

ताईनं मान हलवली. दोन टाके घालून दम घ्यायची, परत दोन. अर्धा फेर झाला तेव्हा थकली, पिन अडकवून म्हणाली, “पुढच्या रविवारी.” तीच आमची भेट शेवटची.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जेवणं झाल्यावर ताईच्या वस्तू कुणाला काय द्यायच्या हे बायका ठरवू लागल्या. पिशवी निघाली. माझी सगळ्यात थोरली आत्या, जिचा शब्द घरात कुणी मोडत नाही, तिनं स्वेटर हातात घेतला, तो अर्धा काळा फेर पाहिला. “गेलेल्या मानसाचं अर्धं इनलेलं लेकराच्या अंगावर नाही घालू. उसवून टाका. नाही तं कोनी पुरं करून गाठ मारा.” दीपालीचं आता लग्न झालंय, ती सासरहून आली होती. ती हळूच म्हणाली, “मी करून देते, आजी. काकूंचा हात मले माहीत हाये.” तिचा हेतू चांगला होता. आत्यानं पिनेला हात घातला.

रेवा उठून मधे जाऊन उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिचे ओठ हलले, शब्द आला नाही. मला ठाऊक होतं तिला काय म्हणायचंय. वाक्य माझ्या जिभेवर होतं, वैशालीनंही माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, “काय पाह्यजे वो बेटा?” आत्याची बोटं पिनेवर होती. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि ताईचा रिकामा पलंग मला समोर दिसत होता. मी तोंड मिटून ठेवलं... इतकं कठीण काम मी फार कमी वेळा केलंय.

“हे माझं,” रेवा म्हणाली. मग पुन्हा थांबली. “हे माझं आहे. उसवू नका. पिन... काढू नका. मी शिकीन.”

आत्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग स्वेटरची घडी घातली, अगदी व्यवस्थित, बाह्या आत दुमडून, आणि तिच्या हातात दिली. “बरं माय. तुयं हाये, तू ठेव.”

आता थंडी गेली. अकोल्यात दुपारी रस्त्यावर कुणी दिसत नाही इतकं ऊन आहे. पिशवी आणि टोपली भाऊजींनी आमच्याकडे पाठवली. रेवा दुसऱ्या लोकरीवर साखळी घालायला शिकते आहे. दीपाली तिला फोनवर दाखवते. साखळी वाकडी होते, उसवते, ती परत घालते. स्वेटर तिच्या खोलीत दारामागच्या खुंटीवर आहे. शेवटचा काळा फेर अर्धा आहे, आणि पिन जिथं ताईनं लावली होती तिथंच आहे.