मनुदेवीच्या चढावर तुटलेला शाफ्ट

देवीला जाताना वाटेत काही विपरीत घडलं की लोक म्हणतात, तिनं परीक्षा पाहिली. हे बोलणं मला आधीही फारसं पटत नसे, आता तर ऐकवतही नाही. आमच्यावर जे ओढवलं ते एका माणसाच्या हातून आलं होतं आणि त्यानं ते समजून उमजून केलं होतं. त्याचं माप देवीच्या पदरात टाकायला मी तयार नाही. तिनं आमच्यासाठी काय केलं ते मात्र सांगितलं पाहिजे.

आम्ही चोपडा तालुक्यातले. माझ्या यजमानांची पिकअप गाडी आहे. केळीचे घड, कापूस, लग्नाचं सामान, जे भाडं मिळेल ते वाहतात. दिवाळीनंतर गाडी वेग घेतला की थरथरायला लागली. मिस्त्रीनं खाली शिरून पाहिलं आणि प्रोपेलर शाफ्ट बदला म्हणाला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब, जाड पोलादी नळी फिरत असते आणि तिच्या जोरावर चाकं चालतात, ती ही. जुनीच नळी वेल्डिंग करून चालवणारे पुष्कळ असतात. यजमान तसं करायला तयार झाले नाहीत, कारण नातवाचं जावळ काढायला याच गाडीनं सातपुड्यातल्या मनुदेवीला जायचं होतं. ते मुद्दाम जळगावला गेले आणि सुट्या भागांच्या एका मोठ्या दुकानातून कंपनीचा म्हणून नवा शाफ्ट घेऊन आले. कोऱ्या खोक्यातला, काळ्या रंगानं चकचकणारा.

माघात आम्ही निघालो. मुलगा स्वयंपाकाच्या तयारीसाठी मोटरसायकलनं पुढे गेला होता. पुढे यजमानांशेजारी मी आणि बाळाला घेऊन सून, मागच्या हौद्यात आमच्या गल्लीतल्या बायका. त्यांची गाणी चालली होती. जंगलातला चढ लागला आणि अर्ध्या चढावर पायाखाली असा धडाका झाला की बाळ किंचाळून उठलं. कोणी घणानं खालून पत्रा फोडतंय असे एकामागून एक ठोके बसू लागले. इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी पुढे जायची थांबली होती. मग ती मागे सरकायला लागली. यजमानांनी ब्रेक दाबला तर पाय तळाला गेला. तुटलेल्या शाफ्टनं फिरता फिरता ब्रेकची नळीच तोडली होती. हँडब्रेक ओढला, गाडी मंदावली, पण थांबेना. मागे उतार, उताराच्या वळणाला नाला.

"उतरा, बठ्ठा उतरा, ब्रेक लागत नही शे," यजमानांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं. बायका उतरणार कशा? कोणी म्हातारी, कोणाच्या मांडीवर नैवेद्याचं पातेलं. मी सुनेचा दंड घट्ट धरला आणि त्या क्षणी माझ्या तोंडून प्रार्थना आली नाही. मला राग आला, देवीचाच. तुझ्याच दारी लेकरू घेऊन येते आहे ना मी, मग हे काय मांडलंयस, असं मी मनात तिला विचारलं. भांडणाऱ्या सुरात विचारलं.

तेवढ्यात गाडीला मागून हिसका बसला, लाकडं मोडल्याचा कडकडाट झाला, मागचं चाक कशावर तरी चढलं आणि तिथेच बसलं. गाडी थांबली.

मी खाली उतरून मागे धावले. रस्त्याच्या कडेनं पाड्यावरच्या दोन बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन चढत होत्या. अंगावर येणारी गाडी पाहून कोणीही आधी बाजूला झालं असतं. त्यातली एक बाजूला झाली नव्हती. तिनं डोक्यावरची सगळी मोळी चाकामागे टाकली होती. मी पोहोचले तेव्हा ती आणि तिची सोबतीण दगड आणून दुसऱ्या चाकाला लावत होत्या. मी हात जोडून काही म्हणायच्या आत ती माझ्यावर कडाडली.

"लेकरू लिसन आशी गाडीमा कसाले बसतस तुम्ही?"

काळी, शिडशिडीत, कपाळावर घामानं चिकटलेले केस, आणि डोळे असे की मला मान वर करवेना. तिची सकाळभराची मेहनत चाकाखाली चुरा होऊन पडली होती, पण ती त्याबद्दल बोलत नव्हती. ती बाळाबद्दल बोलत होती. मी तिला नाव विचारलं, ते तिनं सांगितलं नाही. पाणी दिलं, ते घेतलं. मग तिनं सुनेजवळ जाऊन बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, उरलेली लाकडं आम्ही बायकांनी मिळून बांधून दिली, ती डोक्यावर घेऊन ती वळणापलीकडे गेली. आमच्यातल्या एक अक्का पुटपुटल्या, देवी अशीच येते.  तो रागावलेला चेहरा माझ्या मनातून आजवर हललेला नाही. देवळातल्या हसऱ्या मूर्तीपुढे उभी राहून मला जे कधी जाणवलं नव्हतं, ते त्या बोलणी खाण्यात जाणवलं. कोणाला तरी आमच्या लेकराची इतकी काळजी होती की ती रागानं थरथरत होती.

गाडी ओढून चोपड्याला आणली. मिस्त्रीनं तुटलेला शाफ्ट आमच्यासमोर पुसला. रंगाखाली जुना गंज होता. दोन्ही टोकं भंगारातल्या कुठल्या तरी गाडीची, आणि मधे घागरीच्या पत्र्यासारखी पातळ नळी जोडलेली. नळी जोडापाशी फाटली होती. यजमान बराच वेळ खाली बसून राहिले. त्यांना वाटत होतं, चूक आपलीच, आपण पारखून घेतलं नाही. त्यांचं ते बसणं मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो तुकडा गोणपाटात गुंडाळून आम्ही दोघं जळगावला गेलो.

दुकानात गल्ल्यामागे देवीची मोठी तसबीर, तिला ताजा हार, पुढे उदबत्ती. दुकानदारानं तुकडा पाहिला आणि आधी म्हणाला, हा आमचा नाहीच. यजमानांनी त्याच्याच दुकानाचा शिक्का असलेलं खोकं पुढे केलं. मग म्हणाला, पिकअपमध्ये माणसं बसवायची नसतात. ते खरं होतं, आणि मी ते मान्य केलं. म्हटलं, आमची चूक आम्ही भोगू. पण केळी भरलेली असती तरी हा तुटलाच असता, आणि गाडी मागून येणाऱ्या कोणावर तरी गेली असती. तेव्हा तो मवाळ झाला, हसला आणि तसबिरीकडे हात करून म्हणाला, "अक्का, आईनं वाचवलं ना सगळ्यांना? मग राग कशाला धरता? तिला नारळ फोडा आणि सोडून द्या."

माझ्या डोळ्यांपुढे चढावरची ती बाई आली. मी गोणपाट सोडलं, तुकडा उचलून त्याच्या हारापुढे, उदबत्तीशेजारी ठेवला.

"आईनं आम्हाला वाचवलं ते तुमच्यापासून," मी म्हणाले. "आता तिच्यासमोर याला हात लावून म्हणा, हा नवा होता."

दुकानात आणखी गिऱ्हाईकं होती. सगळी वळून पाहू लागली. त्याचा हात गल्ल्यावरून उठला नाही. तो नोकरावर खेकसला आणि आत निघून गेला. कबुली त्यानं दिली नाही, आजही दिलेली नाही. ग्राहक न्यायालयात आमची तक्रार पडून आहे, दुकान चालू आहे, तसबिरीला रोज हार चढतो. हे आठवलं की माझं रक्त अजून तापतं.

पण त्या गिऱ्हाइकांत धरणगावचा एक पिकअपवाला होता. तो आमच्या मागे बाहेर आला. त्यानंही तिथूनच शाफ्ट घेतला होता. त्याच दिवशी त्यानं रंग खरवडून पाहिला तर जोडाला तडा गेलेला निघाला. रोज सकाळी शेतमजूर बायकांना तो रानात सोडायचा. त्याचा फोन आला तेव्हा यजमानांनी तो माझ्या कानाला लावला आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. मी दुकानात गेले होते ते रागानं. तो राग देऊन मला तिथे कोणी पाठवलं होतं, हे मला त्या फोननंतर कळलं.

चैत्रात आम्ही एसटीनं जाऊन जावळ काढलं. त्या चढावर उतरून मी पाड्यावर चौकशी केली, ती बाई कामासाठी गुजरातेत गेली होती. तिच्या घरच्यांकडे लुगडं आणि खण ठेवून आले. मग देवीपुढे बसले. मनात धरून गेले होते की आज हा राग तिच्या पायाशी ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. पुष्कळ वेळ डोळे मिटून बसले. शेजारी बाळ नव्या टकलावर हात फिरवून स्वतःशीच हसत होतं. शेवटी माझ्या तोंडून आलं ते वेगळंच होतं. आई, हे पोर तुझं, आम्ही सगळे तुझे, न्याय कधी व्हायचा तेही तुझ्याकडे. राग तेवढा माझ्याकडे राहू दे, त्याचं अजून काम आहे.