दॅन मॅडम

ज्या माणसामुळे मला हे नाव पडलं, त्याचा चेहरा मी कित्येक वर्षं रोज सकाळी केस विंचरताना मुद्दाम आठवायची. विसरायला होऊ नये म्हणून.

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत बियाण्याची उगवण तपासायच्या कामाला होते. माहेर केदारखेड्याचं, शेतकऱ्याचं घर. सगळं शिक्षण मराठीतून. इंग्रजी वाचून समजायचं, लिहायची वेळ फारशी आली नव्हती. नवरा अंबडला शाळेत मराठीचा शिक्षक, म्हणून आम्ही राहायला अंबडलाच. मुलगी नुकती भिंतीला धरून चालायला लागली होती. त्या वर्षी कंपनीने दोन नवी केंद्रं काढली, एक अंबडला आणि एक कुंभार पिंपळगावला. मॅनेजर म्हणाले, “कुणाला कुठे जायचंय ते मला इंग्रजीत मेल करा. पुढे वरती पाठवायचंय.”

अंबडचं केंद्र आमच्या घरापासून पायी जाण्यासारखं होतं. मी लिहिलं, ‘आय प्रिफर अंबड दॅन कुंभार पिंपळगाव.’ दोनदा वाचलं, बराबर वाटलं, पाठवून दिलं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी माझा मेल मोठ्याने वाचला. हे गृहस्थ जालन्याच्या जुन्या वकील घराण्यातले, इंग्रजी शाळेत शिकलेले. ‘दॅन’वर आले तसे थांबले, चष्मा काढला आणि परत वाचलं, “प्रिफर... दॅन!” आधी कुणीच हसलं नाही, कारण काय चुकलंय ते बहुतेकांना कळलंच नव्हतं. मग साहेब हसले, तेव्हा सगळे हसले.

“सांगा बरं मॅडम, काय चुकलंय?”

मी उभी राहिले. “साहेब, मला अंबड पाहिजे, एवढंच लिहिलंय.”

“तसं कुठे लिहिलंय ह्यात? ज्याला आपली पसंती लिहिता येत नाही, त्याला विचारून काय उपयोग?”

अंबड त्यांनी आपल्या ओळखीतल्या एका पोराला दिलं, जो जालन्यात राहायचा आणि मोटरसायकलवर जाऊन-येऊन करणार होता. मला कुंभार पिंपळगाव. चूक काय ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुपारी डबा खायला गेले तर कुणीतरी म्हणालं, “सरका, दॅन मॅडम आल्या.”

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्यालाही कळेना. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना विचारून आला.

“प्रिफरच्या पुढं ‘टू’ येतंय म्हणे. दॅन न्हाई.”

“एवढंच?”

“एवढंच. मंग आता?”

“आता काय. जाईन तिकडं. पण ह्या माणसाला मी सोडणार न्हाई.”

तो म्हणाला, “जाऊ दे की. खालीपिली डोक्याला ताप.” मी ताट सरकवून उठले. आजही त्या ‘जाऊ दे’चा मला राग येतो.

मग रोजची एसटी. सकाळी मुलगी झोपलेली असायची, परत येईपर्यंत सासूबाईंच्या मांडीवर पेंगायला लागलेली. तिचं पहिलं अख्खं वाक्य सासूबाईंनी ऐकलं. मला ते नंतर कळलं, तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. दुःखाने नाही, संतापाने. एका शब्दासाठी!

इंग्रजी मी एसटीत शिकले. इंग्रजीच्या बाईंनी त्यांचं जुनं व्याकरणाचं पुस्तक दिलं होतं. पसंती सांगायची वाक्यं मी आधी घेतली आणि सगळी साहेबांवरच घडवली. प्रिफरनंतर दोन कामं आली तर दोन्हींना ‘इंग’ लावायचं. मी लिहिलं, साहेबाशी बोलण्यापेक्षा मला साप पकडणं पसंत आहे. ‘वुड रादर’ आलं की पुढे साधं क्रियापद, आणि तिथे मात्र ‘दॅन’ चालतं. मी लिहिलं, ह्या माणसाला नमस्कार करण्यापेक्षा मी चिखलात बसेन. सगळ्यात आवडला तो शेवटचा नियम. दुसऱ्याने काही करावं असं आपल्याला वाटत असेल, तर ‘वुड रादर’नंतर त्या माणसाचं क्रियापद भूतकाळात जातं. गोष्ट अजून घडलेली नसते, तरी घडून गेल्यासारखी लिहायची. ‘आय वुड रादर ही लॉस्ट हिज चेअर.’ त्याची खुर्ची गेली तर बरं. असली वाक्यं लिहीत वाटेतलं घनसावंगी कधी मागे पडायचं ते कळायचं नाही.

पुढे आमची कंपनी एका परदेशी कंपनीने घेतली. बियाण्याच्या प्लॉटची माहिती परदेशात कळवायची वेळ आली, आणि कुंभार पिंपळगावहून जाणारे मेल तिकडच्या लोकांना लगेच समजायचे. जालन्याहून जाणारे समजायचे नाहीत. साहेबांची वाक्यं लांबलचक, नटवलेली. तिकडून परत विचारणा यायची, नक्की काय हवंय तुम्हाला? मला जालन्यात बोलावून घेतलं. नवीन वरिष्ठांनी हुकूम काढला, सगळ्या अधिकाऱ्यांनी ह्या मॅडमकडून मेल लिहायला शिकायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.

साहेब मागच्या खुर्चीवर बसले. मी म्हणाले, “सर, पुढे या.” पहिल्याच तासाला मी पसंतीची वाक्यं घेतली आणि खडू त्यांच्या हातात दिला. “तुम्हाला कुठे काम करायला आवडेल ते फळ्यावर लिहा.”

त्यांनी झोकात लिहिलं, ‘आय वुड रादर प्रिफर स्टेइंग इन जालना दॅन ट्रॅव्हलिंग.’

खरंच सांगते, मुलगी झाली तेव्हाही एवढं हलकं वाटलं नव्हतं.

“काय चुकलंय, सर?”

त्यांचे कान लाल झाले. मागून कुणीतरी खुसखुसलं. मी कुणाला गप्प केलं नाही.

“सांगा ना, काय चुकलंय,” ते हळूच म्हणाले.

मी ठरवलं होतं, सांगायचं नाही. पण तेवढ्यात लक्षात आलं, सांगणं जास्त लागेल. म्हणून सावकाश सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. रादर आणि प्रिफर एकाच वाक्यात एकावर एक ठेवायचे नसतात, सर. आणि प्रिफरच्या पुढे ‘दॅन’ नाही, ‘टू’ येतं. पुसा. परत लिहा. मोठ्याने वाचा. अजून मोठ्याने, मागच्यांना ऐकू येत नाही.

त्यानंतर बाहेर जाणारा त्यांचा प्रत्येक मेल माझ्याकडून तपासून जायचा. ते केबिनच्या दाराशी येऊन उभे राहायचे. मला काम नसलं तरी मी त्यांना थांबवायची. आत बसून बाटलीतलं पाणी प्यायची, एक-एक घोट.

ते निवृत्त झाले, त्या दिवशी निरोपाचं जेवण होतं. हार घातलेल्या अवस्थेत ते माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “आय वुड रादर यू फरगॉट दॅट डे.”

तो दिवस तुम्ही विसरलात तर बरं. क्रियापद भूतकाळात. एकही चूक नव्हती.

“आय वुड रादर नॉट,” मी म्हणाले.

त्यांनी हात जोडले. मी ताटाकडे वळले. जेवण झकास होतं, मी मठ्ठा परत मागून घेतला. गाडीत बसल्यावर नवऱ्याचा फोन आला.

“झालं का आता समाधान?”

“अर्धं झालं.”

“बाकीचं कधी?”

“बघू,” म्हणाले, आणि मुलगी घरी आली का ते विचारलं.