फाट्यावरचं पान

ही गोष्ट बायकोला सांगितलेली नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितली असती का? बहुधा नाही. माझा पिंडच तसा आहे.

आधी सायकलींचं सांगतो. मी सेनगावात भूगोलाचा मास्तर होतो, गौतम लाईनमन. एकाच वर्षी रिटायर झालो आणि घरात बसून करायचं काय, म्हणून सायकली काढल्या. हिवाळ्यात दोन-दोन दिवसांचे फेरे मारायचो — डांबर टाळून, पाणंदींनी, बैलगाडीच्या चाकोरीतून. कॅरिअरला तंबू, डेचकी, डाळ-तांदूळ. संध्याकाळी एखाद्या तळ्याकाठी मुक्काम. वाटेत लोक विचारायचे, "मोटारसायकल न्हाई का घरी?" गौतम म्हणायचा, "हाय ना. पण ह्या वयात तिला काहून तकलीफ द्यायची?"

तो मला 'सर' म्हणायचा, तुमी म्हणायचा. मी त्याला अरे-तुरे. तीस वर्षांच्या दोस्तीत हे कधी बदललं नाही, आणि मला ते कधी खटकलंही नाही. आता खटकतं.

आमची एक खूण होती. खरं तर त्याचीच, लाईनमन लोकांची जुनी. पुढं गेलेल्यानं जिथं वाट फुटते तिथं पळसाचं पान ठेवायचं, वर दगड. पानाचा देठ जिकडं, तिकडं यायचं. एवढंच. त्या देठावर विसंबून आम्ही अर्धा जिल्हा फिरलो. गौतमची नजर तर अशी, की चालत्या सायकलवरून त्याला दगडाखालचं पान दिसायचं. खांबावर जन्म काढलेला माणूस.

त्या दिवशी जवळा बाजारला चहाला थांबलो. हॉटेलात माझा एक जुना विद्यार्थी भेटला, पाया पडला. आणि गौतम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सरांनी जल्मभर पोराइला नकाशे शिकवले, पण सोता माझ्या मागं मागं येऊन राहिले." सगळे हसले. विद्यार्थी हसला. मीही हसलो.

पण झोंबलं. का झोंबलं? थट्टा तर रोजचीच होती. दुसऱ्या कुणी केली असती तर इतकी लागली असती का? हा प्रश्न मी फार उशिरा स्वतःला विचारला, आणि उत्तर काही चांगलं आलं नाही.

दुपारी एका शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे राखणीच्या झोपडीपाशी, त्याला ओळखीचा म्हातारा भेटला. गौतम गप्पांना बसला. मला म्हणाला, "सर, तुमी व्हा म्होरं. पान तेवढं ठेवा." त्याचा फोन माझ्या पिशवीत होता, पॉवर बँकेला लावलेला. पाण्याचा कॅनही माझ्याच सायकलला. हे दोन्ही मला माहीत होतं — विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही.

दोन कोसांवर पाणंद फुटली. हा भाग त्याच्या कामाच्या हद्दीबाहेरचा, त्याला नवा. मी उतरलो. पळस समोरच होता. एक पान तोडलंसुद्धा. हातात धरून उभा राहिलो — आणि मनात आलं, शोधू दे की आज जरा. बघू दे मागं राहिलेल्याचं कसं असतं.

पान खिशात घातलं आणि उजवीकडं गेलो.

तो डावीकडं गेला. तिकडं कुणीतरी गव्हाला पाणी दिलेलं, ते सगळं पाणंदीत उतरलेलं. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये बसला की चाक फिरत नाही, हे सायकलवाल्याला सांगायला नको. त्यानं सायकल खांद्यावर घेतली. त्या वयात. दोनदा पडला. मी तळ्याकाठी तंबू ठोकून खिचडी टाकली होती आणि दिवस बुडेपर्यंत मजेत वाट पाहत होतो. मग मजा संपली.

सकाळी तो ट्रॅक्टरमधून आला. रात्र त्यानं कुणाच्या तरी आखाड्यावर काढलेली. गुडघे सोललेले, पायात एकच चप्पल. ट्रॅक्टरवाला माझ्याकडं रोखून पाहत होता. मला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मीच आधी बोललो — "अरे, पान ठेवलं होतं की. दिसलं नाही तुला?"

गौतमनं पायातली उरलेली चप्पल काढली. मग म्हणाला, "असंल सर. मला दिसलं न्हाई."

त्याच क्षणी खरं बोललो असतो तर त्यानं चार शिव्या दिल्या असत्या आणि चहा मागितला असता. मला ठाऊक आहे.

त्याची मुलगी प्रज्ञा हिंगोलीला नर्स आहे. तिला मी हेच सांगितलं. तिनं डोळे तपासले, डोक्याचा फोटो काढला. काही निघालं नाही. तरी सायकलची किल्ली गौतमनं स्वतःच तिच्या हातात दिली. मला म्हणाला, "खांबावर असतो तर गेलो असतो, सर. डोळ्याचा भरोसा गेला."

नंतर तो कुलूप तीनदा ओढून पाहायचा. शेगडी बंद केली का, हे बायकोला विचारायचा. ज्या माणसानं उघड्या तारांशी खेळ केला, तो रस्ता ओलांडताना माझी बाही धरायचा. आणि मी भेटायला गेलो की दर वेळी तेच — "कोण्या अंगाला ठेवलं होतं पान?" मी सांगायचो, उजव्या अंगाला, बाभळीच्या बुडाशी. दगड कसला होता? काळा, मुठीएवढा. दर भेटीत मी एखादा बारकावा वाढवत गेलो. मास्तरच ना, पटवून सांगायची सवय. तो मान डोलवायचा, आणि मी बाहेर पडून घरी जाऊन जेवायचो. जेवण जायचं, हेही सांगून टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. त्या तापाचा दोष मी माझ्याकडं घेत नाही. पण आधीची दोन वर्षं तो स्वतःलाच घाबरून जगला, ती माझी आहेत.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं झाल्यावर प्रज्ञानं मला आत बोलावलं. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हातावर ठेवलं. काळा दगड, मुठीएवढा. म्हणाली, "काका, बाबा एकदा कोणाला न सांगता जीपनं तिकडं गेले होते. बाभळीपाशी हा सापडला म्हणे. लई जपला. म्हणायचे, सरांनी बराबर ठेवला होता, माझाच डोळा चुकला."

मग तिनं विचारलं, "हाच ना तो?"

तिचे डोळे भरलेले होते. खोलीत आम्ही दोघंच. यापेक्षा चांगली वेळ कधी येणार होती?

मी म्हणालो, "हो. हाच."

दगड माझ्या टेबलावर आहे. बायकोला वाटतं, मित्राची आठवण. त्या फाट्यावर मी पान ठेवलं नव्हतं. दगडही ठेवला नव्हता.